हळदीचे आजोबा, बिटाची आजी: मायोसिस ओट्यावर मांडायचं कसं

मागच्या पावसाळ्यात माझ्या भाचीला मुलगी झाली. भाचीचा रक्तगट ए पॉझिटिव्ह, जावयाचा बी पॉझिटिव्ह, आणि बाळाचा आला ओ निगेटिव्ह. बारशाला भाचीच्या मावससासूबाई शेजारणीला हळूच म्हणाल्या, "आमच्यात आजवर ओ निगेटिव्ह कुणी नाही हो." एवढंच बोलल्या. पण ते भाचीच्या कानावर गेलं आणि तिचा चेहरा उतरला.

मी चिपळूणजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात 31 वर्षं बायॉलॉजी शिकवलं. शाळेच्या पुस्तकात 'अर्धगुणसूत्री विभाजन' असं भारदस्त नाव असतं, वर्गात आम्ही मायोसिसच म्हणायचो: अंडपेशी किंवा शुक्राणू बनताना गुणसूत्रं निम्मी करणारं पेशीविभाजन. मुलं त्याच्या पायऱ्यांची नावं, लेप्टोटीन, झायगोटीन, पॅकिटीन, डिप्लोटीन, डायकायनेसिस हे मारुतीस्तोत्रासारखं घडाघडा म्हणायची आणि त्यातून एकाच घरातली दोन भावंडं वेगळी कशी होतात असं विचारलं की गप्प बसायची. चूक त्यांची नव्हती. फळ्यावरच्या आकृतीत काही हलत नाही, आणि मायोसिसमध्ये जे घडतं ते सगळं हलण्यातच आहे.

म्हणून बारशाच्या दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर कणीक मळायला घेतली आणि त्या मावससासूबाईंना, म्हणजे मावशींना, म्हटलं, "या हो, जरा मदत करा." त्या दिवशी केलं ते इथे पायरीपायरीने सांगते. दीड तास लागतो. घरात आठवीच्या पुढचं मूल असेल तर त्याला बरोबर घ्या.

आधी एक गैरसमज काढून टाका

बहुतेकांना वाटतं, आई-बापाचं जे काही मिसळतं ते गर्भधारणेच्या वेळी मिसळतं. तेव्हा दोन अर्धी एकत्र येतात हे खरं, पण पिसण्याचं काम त्याच्या कितीतरी आधी, दोन वेगवेगळ्या शरीरांत उरकलेलं असतं. भाचीच्या अंडपेशीत जी पानं पिसली गेली त्यांत जावयाचं एकही नव्हतं. ती होती माझ्या भावाची आणि वहिनीची, म्हणजे बाळाच्या आजोबांची आणि आजीची. मायोसिस भाचीच्या अंगात झालं, पण त्यात मिसळले तिचे आईवडील. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं आहे, आणि नाही बसलं तर सगळ्या वळ्या वाया जातात.

साहित्य

दोन वाट्या मैदा, अर्धी वाटी मीठ, चमचाभर तेल, बेताचं पाणी. घट्ट मळा, पुरीच्या पिठाहून किंचित सैल. दोन गोळे करा. एकात हळद घाला, दुसऱ्यात किसलेल्या बिटाचा पिळून काढलेला रस. पिवळा गोळा आजोबांचा, गुलाबी आजीचा.

शिवाय सहा लवंगा, आणि थोडी काळी मिरी, मसूर, मोहरी, साबुदाणा. एक रुपयाचं नाणं, शिवणाचा दोरा, पट्टी, चार ताटल्या, वही.

एक सूचना अनुभवाची आहे. पोळपाट साबणाने धुतला असेल तर नीट खळबळा आणि पुसून कोरडा करा. साबण अल्कधर्मी असतो आणि हळद अल्कलीत लाल होते. वर्गात पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा अर्ध्या तासात आजोबांच्या वळ्या तांबूस पडल्या, आजी कुठली आणि आजोबा कुठले ते कुणालाच ओळखता येईना, आणि मुलांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की बस्स. सोडाही घालू नका.

वळ्या

माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात. आपल्याला तीन पुरतात: 1, 9 आणि 19. या तीनच का, ते पुढे येईल. प्रत्येक क्रमांकाची एक वळी पिवळी आणि एक गुलाबी, करंगळीपेक्षा बारीक. 1 नंबरची लांबी 25 सेंटिमीटर, 9 ची 14, 19 ची 6. ही मापं मी मनाने घेतलेली नाहीत. 1 सेंटिमीटर म्हणजे डीएनएची 1 कोटी अक्षरं धरली की या तीन गुणसूत्रांची लांबी साधारण इतकीच येते.

आता जनुकं टोचायची. रक्तगट पॉझिटिव्ह की निगेटिव्ह हे ठरवणारं जनुक गुणसूत्र 1 वर आहे, वरच्या टोकाकडे. पिवळ्या वळीवर टोकापासून अडीच सेंटिमीटरवर मिरी बसवा. ए, बी, ओ ठरवणारं जनुक गुणसूत्र 9 च्या अगदी शेपटाजवळ. तिथे पिवळ्या वळीवर, खालच्या टोकापासून अर्ध्या सेंटिमीटरवर मसूर. 19 वर, खालून एक सेंटिमीटरवर मोहरी, तिचं काम शेवटी सांगते. गुलाबी वळ्यांवर त्याच तीन जागी साबुदाणा.

मिरी म्हणजे 'पॉझिटिव्ह', मसूर म्हणजे 'ए', आणि साबुदाणा म्हणजे त्या जागी काम करणारं जनुक नसणं. ओ हा काही वेगळा पदार्थ नव्हे. ए किंवा बी बनवणारं विकर (एन्झाइम) तयार होत नाही, त्याला आपण ओ म्हणतो. निगेटिव्हचंही तेच. माझी वहिनी ओ निगेटिव्ह आहे, म्हणजे तिच्याकडे दोन्ही ठिकाणी साबुदाणेच. भाऊ ए पॉझिटिव्ह. म्हणून भाचीकडे एक मिरी, एक मसूर आणि त्यांच्या जोडीला वहिनीकडून आलेले साबुदाणे. रक्ताच्या तपासणीत मिरी आणि मसूर दिसतात. साबुदाणे दिसत नाहीत, पण जात तर कुठेच नाहीत.

दुप्पट करा, मग निम्मं

प्रत्येक वळीची हुबेहूब जुळी वळी करा, त्याच रंगाची, त्याच जागी तेच दाणे असलेली. मूळ आणि जुळी शेजारी ठेवून विड्याला टोचतात तशी लवंग टोचा. 1 आणि 19 ला मध्यावर, 9 ला वरून पाच सेंटिमीटरवर. लवंग म्हणजे गुणसूत्रबिंदू, जुळ्या जिथे जोडलेल्या असतात ती जागा. आता ओट्यावर सहा जोडवळ्या आहेत, तीन पिवळ्या आणि तीन गुलाबी.

इथे हुशार मूल हमखास विचारतं, निम्मंच करायचंय तर आधी दुप्पट कशाला? मला हा प्रश्न दरवर्षी यायचा आणि सुरुवातीची काही वर्षं मी "तसंच असतं" म्हणून वेळ मारून नेली. खरं उत्तर पुढच्या पायरीत हाताला लागतं, तोवर दम धरा.

पहिली पिसणी: तुकड्यांची अदलाबदल

पिवळी 1 आणि गुलाबी 1 शेजारी आणा. टोकाला टोक, लवंगेला लवंग, दाण्याला दाणा. 9 आणि 19 चंही तसंच. पेशीत ही जुळणी अक्षराला अक्षर लावून होते.

आता एका जोडीतली एक पिवळी आणि एक गुलाबी अशा दोनच वळ्या घ्या, बाकीच्या दोन तशाच राहू द्या. डोळे मिटून बोट ठेवा. बोट पडेल तिथे दोन्ही वळ्या एकाच पातळीवर दोऱ्याने कापा. सुरी नको, सुरीने वळी चेपते. मग खालचे तुकडे बदला: पिवळ्याला गुलाबी शेपूट, गुलाबीला पिवळं. सांधा बोटाने हलकेच लिंपा. याचं नाव क्रॉसिंग ओव्हर, पुस्तकात जनुकीय विनिमय.

किती वेळा करायचं? 1 नंबरवर तीन ठिकाणी, 9 वर दोन, 19 वर एक. दर वेळी वेगळ्या दोन वळ्या निवडल्या तरी चालेल, फक्त एक पिवळी आणि एक गुलाबी हवी. खऱ्या पेशीत सगळ्या गुणसूत्रांवर मिळून पुरुषात अशा साधारण 50 अदलाबदली होतात, बाईत त्याहून जास्त.

मुलं इथे दोन चुका करतात. एक म्हणजे पिवळ्याची अदलाबदल पिवळ्याशीच करतात. ती केली काय, न केली काय, दिसायला काहीच बदलत नाही. दुसरी चूक वरखाली कापण्याची. मग एका वळीवर एक दाणा जास्त येतो आणि दुसरीवर कमी. ही चूक निसर्गही करतो. लाल आणि हिरवा रंग ओळखणारी जनुकं एक्स गुणसूत्रावर शेजारीशेजारी आहेत, दिसायलाही जवळपास सारखी. जुळणी एक घर चुकली की अदलाबदलीत एखादं जनुक गळतं, आणि रंगांधळेपणाचं हे एक मुख्य कारण आहे.

आता अदलाबदल झालेली जोडी दोन्ही लवंगांना धरून हळूच ओढून बघा. सुटत नाही. जुळ्या वळ्या एकमेकींना लांबीभर चिकटलेल्या आहेत आणि मध्ये तुकडे बदललेले, त्यामुळे आजोबा आणि आजी एकमेकांत अडकलेत. दुप्पट कशाला, याचं उत्तर हेच. जुळी वळी नसती तर ही अडकण झालीच नसती. आणि अडकण नसेल तर गुणसूत्रं जोडीने मध्यावर येत नाहीत, पाहिजे तिकडे भरकटतात. म्हणून प्रत्येक जोडीत निदान एक अदलाबदल लागतेच. विविधता येते ती याच कामाच्या पोटी.

अदलाबदल खरोखर होते हे कळलं कसं? 1909 मध्ये यान्सेन्स नावाच्या बेल्जियन संशोधकाने सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं फुलीसारखी एकमेकांवरून गेलेली पाहिली आणि तिथे तुटून जोडली जात असावीत असा अंदाज केला. अमेरिकेत मॉर्गन नावाच्या संशोधकाने तो फळमाशीला लावला. पण मला सगळ्यात आवडतो तो त्याच्या प्रयोगशाळेतला कॉलेजचा पोरगा, स्टर्टेव्हंट. दोन जनुकं जितकी लांब तितकी त्यांच्यामध्ये तुटण्याची शक्यता जास्त, म्हणजे ताटातूट मोजून अंतर काढता येईल, हे त्याच्या लक्षात आलं. कॉलेजचा अभ्यास बाजूला सारून त्याने एका रात्रीत जगातला पहिला जनुकांचा नकाशा काढला. तो 1913 मध्ये छापून आला.

आपल्या 9 नंबरच्या वळीवर हे करून बघता येतं. नखं खुरटलेली असणं आणि गुडघ्याची वाटी लहान किंवा मुळीच नसणं असा एक आनुवंशिक विकार आहे. त्याचं जनुक रक्तगटाच्या जनुकाच्या शेजारीच आहे, आपल्या वळीवर पाऊण सेंटिमीटरही नाही. 1955 मध्ये रेनविक आणि लॉलर यांनी इंग्लंडमध्ये अशी कुटुंबं तपासली. एखाद्या घरात हा विकार ए गटाबरोबर चालत आला असेल तर पुढच्या पिढीतही तो बहुतेकदा ए बरोबरच जातो. पण साधारण दहात एकदा दोघांची ताटातूट होते. पाऊण सेंटिमीटरच्या त्या फटीत दोरा पडतो तेव्हा हे घडतं. टाचणीने तिथे एक खूण करा आणि पुढच्या प्रत्येक फेरीत बघत राहा, दोरा फटीत किती वेळा पडतो ते.

दुसरी पिसणी: नाणं

जोड्या आता ओट्याच्या मध्यावर एका रांगेत मांडा. अर्ध्या तुमच्याकडे येणार, अर्ध्या समोरच्याकडे जाणार. 1 नंबरसाठी नाणं उडवा. छापा पडला तर पिवळी लवंगवाली जोडवळी तुमच्या बाजूला, काटा पडला तर गुलाबी. 'पिवळी लवंगवाली' अशासाठी म्हणते की अदलाबदलीनंतर पूर्ण पिवळं असं काही राहत नाही, लवंगेजवळचा रंग बघायचा. मग 9 साठी नाणं वेगळं उडवा, 19 साठी पुन्हा वेगळं.

'वेगळं' हा शब्द मी मावशींना तीनदा सांगितला. 1 नंबरला काय पडलं ते 9 नंबरला ठाऊक नसतं. आजोबांची सगळी गुणसूत्रं मिळून एका बाजूला जात नाहीत, प्रत्येक जोडी आपली आपण वळते. अमेरिकेत एलिनॉर कॅरोथर्स या बाईंनी 1913 मध्ये टोळांत हे डोळ्यांनी पाहिलं. टोळांच्या एका जोडीतली दोन गुणसूत्रं लहानमोठी असतात, त्यामुळे कोण कुठे गेलं ते ओळखता येतं. एक्स ज्या बाजूला गेलं त्याच बाजूला कधी लहान गेलं, कधी मोठं, जवळजवळ निम्म्यानिम्म्याने.

तीन जोड्या, प्रत्येकीला दोन वाटा, म्हणजे 8 प्रकार. मावशींनी बोटांवर मोजले. कांद्यात 8 जोड्या असतात, तिथे 256. माणसाच्या 23 जोड्यांचे होतात 83,88,608. हे एकाच माणसाचे आणि निव्वळ नाण्यावरचे, अदलाबदल धरलीच नाही. आई-बाप दोघांचे गुणले तर 70 लाख कोटींच्या वर जातं. अदलाबदल धरली तर मोजणं सोडून द्यावं.

लवंगा काढा

आता तुमच्याकडे तीन जोडवळ्या आणि समोरच्याकडे तीन. दुसरं विभाजन म्हणजे लवंग काढून जुळ्यांना वेगळं करणं. एकेक वळी एकेका ताटलीत. पुस्तकं म्हणतात, हे दुसरं विभाजन साध्या सूत्री विभाजनासारखंच. हालचाल तशीच, पण फळ तसं नाही. साध्या विभाजनात सुटणाऱ्या जुळ्या खरोखर जुळ्या असतात. इथे दोघींतली एक अदलाबदल करून आलेली आहे, तिला गुलाबी शेपूट आहे. म्हणून इथेही कुठली कुठल्या ताटलीत हे नाण्यावरच ठरवा.

चार ताटल्यांत तीन-तीन वळ्या झाल्या. ही चार युग्मकं. चारही एकमेकांसारखी नसतील, आणि बहुधा एकही पूर्ण पिवळं किंवा पूर्ण गुलाबी नसेल. पुरुषात या चारांचे चार शुक्राणू होतात. बाईत मात्र एकाच ताटलीला सगळी शिदोरी मिळते, ती अंडपेशी होते. उरलेल्या वाट्याची बारकी ध्रुवपिंडं होऊन विरून जातात. कुठली ताटली राहणार, त्यासाठीही चिठ्ठी टाका.

मावशींनी वळ्या वळताना विचारलं, "आणि हे सगळं होतं कधी?" या प्रश्नाने मला अजून अंगावर काटा येतो. पुरुषात वयात आल्यापासून रोज चालू असतं. बाईत पहिली पिसणी, ती दोऱ्याने कापण्याची, ती स्वतः जन्मायच्या आधीच उरकते. भाची 1996 ची. त्या वर्षी ती माझ्या वहिनीच्या पोटात होती, आणि तिच्या चिमुकल्या अंडाशयात आजोबा-आजींचे तुकडे बदलून झाले होते. मग सगळं थांबलं. मागच्या वर्षी त्या महिन्यात त्यांतली एक अंडपेशी पुढे निघाली तेव्हा नाणं पडलं, आणि शुक्राणू आत शिरल्यावर शेवटच्या लवंगा निघाल्या. बाळ वर्षाचंही नाही, पण तिच्या अर्ध्या पानांची पहिली पिसणी 1996 मध्येच झाली होती, आजीच्या पोटात.

इतकी वर्षं जोडवळ्या धरून ठेवायच्या, तर पकड सैल पडतेच. आईचं वय वाढलं की एखादी जोडी वेळेवर न सुटण्याचा संभव वाढतो. 21 नंबरचं एक गुणसूत्र जास्त गेलं की बाळाला डाऊन सिंड्रोम होतो. खेळात मुलांकडून एखादी जोडी चुकून एकाच ताटलीत गेली तर ओरडू नका, तिथेच थांबून हे सांगा.

मग बाळ ओ निगेटिव्ह कसं?

भाचीची चार युग्मकं वहीत लिहा: मिरी आहे की साबुदाणा, मसूर आहे की साबुदाणा. मिरी यायची शक्यता निम्मी, मसुराची निम्मी, आणि दोन्ही वेगळ्या गुणसूत्रांवर असल्याने एकमेकांशी संबंध नाही. म्हणजे दोन्हीकडे साबुदाणा, चारांत एकदा.

आता जावयाच्या वळ्या. तो बी पॉझिटिव्ह. त्याच्यासाठी कणकेचे दोन नवे रंग करायचा कंटाळा आला म्हणून आम्ही पालकाचा रस आणि कोरी कणीक घेतली. त्याचे आईवडील दोघेही बी पॉझिटिव्ह. पण दोघांपैकी एकाकडून त्याला ओ चा साबुदाणा आला असणार आणि एकाकडून निगेटिव्हचा. एकाकडूनच दोन्हीही आले असतील. आजोबा पॉझिटिव्ह, आजी पॉझिटिव्ह, मुलगा पॉझिटिव्ह, आणि साबुदाणा आपला खाली मान घालून पिढ्यान्‌पिढ्या चाललेला. "आमच्यात ओ निगेटिव्ह कुणी नाही" हे मावशींचं म्हणणं अगदी खरं होतं. दिसणारं कुणी नव्हतं, एवढंच. त्याच्याकडूनही दोन्ही साबुदाणे येण्याची शक्यता चारांत एक. चारांत एक गुणिले चारांत एक, म्हणजे सोळांत एक. अशा आईबापांच्या दर सोळा बाळांत सरासरी एक ओ निगेटिव्ह. गावात अशी किती घरं असतील, मोजा.

नाणं मावशींच्याच हातात दिलं होतं. ओ निगेटिव्ह नवव्या फेरीला पडलं. त्या काही बोलल्या नाहीत. चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "पुन्हा एकदा करू."

19 नंबर कशाला घेतला

मोहरीचं काम अजून राहिलंय. 19 वरचं जनुक ए आणि बी ज्याच्यावर चढतात तो पाया तयार करतं. दोन्हीकडून साबुदाणा आला तर पायाच नाही, मग 9 नंबरवर मसूर असो नाहीतर आणखी काही, साध्या तपासणीत रक्त ओ दिसतं. हा रक्तगट 1952 मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत शोधला, म्हणून त्याला जगभर बॉम्बे रक्तगट म्हणतात. भारतात साधारण 10,000 माणसांत एक. अशा माणसाला साधं ओ रक्तही चालत नाही, बॉम्बे गटाचंच लागतं. आई 'ओ', वडील बी, आणि बाळ एबी, असा धक्का एखाद्या घराला बसतो तेव्हा संशय घेण्याआधी 19 नंबरकडे बघावं. पाया 19 वर, त्यावरचं बांधकाम 9 वर, दोघांची नाणी वेगळी, त्यामुळे आईच्या अंगात झाकलेला ए बाळात उघडा पडतो.

कोय आणि कलम

भाचा सातवीत आहे, त्याला रक्तगटांत रस नव्हता. त्याला परसात नेलं. माझ्या वडिलांनी हौसेने हापूसच्या पाच कोयी लावल्या होत्या. तीन जगल्या. एकाचे आंबे लोणच्याला, एकाचे चोखायला बरे पण केसाळ, तिसरं झाड नुसतं मोहरतं. वडील शेवटपर्यंत नर्सरीवाल्याला नावं ठेवत राहिले, आणि त्याचा तर काहीच संबंध नव्हता.

आंब्यात गुणसूत्रांच्या 20 जोड्या. हापूसची कोय म्हणजे हापूसची एक पिसलेली ताटली आणि माशीने आणलेल्या कुठल्या तरी झाडाच्या परागाची दुसरी. नाण्यावरच एका झाडाची 10,48,576 प्रकारची युग्मकं होतात, त्यातून पुन्हा हापूस कुठून येणार? कोकणात रायवळ आंब्याच्या प्रत्येक झाडाला वेगळं नाव आणि वेगळी चव असते ती याचमुळे. कलमात मायोसिस नसतंच. फांदीतल्या पेशी दुप्पट होतात आणि जशाच्या तशा विभागतात, लवंगा काढायच्या पण अदलाबदल नाही. म्हणून कलमी हापूस सगळीकडे हापूसच.

नवी जात हवी तर मात्र कोयीशिवाय गत्यंतर नाही. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना आला, 1981 मध्ये. पुढे रत्ना आणि हापूस मिळून बारीक कोयीचा सिंधू. आणि दशहरी आणि नीलम या एकाच जोडप्याची आम्रपाली आणि मल्लिका ही दोन लेकरं शेजारी ठेवून बघा: आकार वेगळा, चव वेगळी, आम्रपालीचं झाड ठेंगणं.

खरं बघायचं असेल तर

शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर बियाण्याच्या कांद्याला डेंगळे येतात तेव्हा त्यांवरच्या अगदी लहान, घट्ट मिटलेल्या कळ्या सकाळी तोडा. तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल ॲसिटिक आम्ल यांत एक दिवस ठेवा. कळी फोडून परागकोश काढा. तो पिवळा झाला असेल तर उशीर झाला, आत पराग तयार आहेत. पांढुरका, अर्धपारदर्शक हवा. काचपट्टीवर ॲसिटोकार्मिनच्या (गुणसूत्रं रंगवणाऱ्या द्रावणाच्या) थेंबात चिरडा, किंचित गरम करा, वर पातळ काच ठेवून टिपकागदातून अंगठ्याने दाबा. काच सरकवू नका. नशीब असेल तर आठ जोड्या फुलीसारख्या अडकलेल्या दिसतात. मला पहिल्यांदा दिसल्या त्या एकविसाव्या कळीला. मुलांना सांगा, दहा कळ्यांनी कंटाळू नका.

उरलेल्या वळ्यांचं

खाऊ नका, मीठ फार आहे. एक-दोन दिवस सावलीत वाळवल्या तर वर्षभर टिकतात, पण बिटाचा गुलाबी तपकिरी पडतो आणि हळद उन्हाने उडते, म्हणून रंग गेल्यावरही कळावं यासाठी वाळण्याआधी आजीच्या वळीवर काट्याने रेघा ओढून ठेवा. मावशी जाताना त्यांची नववी फेरी कागदात गुंडाळून घेऊन गेल्या.